जूनपर्यंत जागा नाही

पुण्यात कोणी ‘या एकदा घरी’ म्हणालं की समोरच्याने ‘येऊ की’ म्हणायचं असतं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं असतं. कोणी जात नाही, कोणी वाट बघत नाही आणि कोणाला राग येत नाही. ही या शहराची निरोप घ्यायची रीत आहे. चुकून एखादा खरंच आला, तर दारात आधी ‘आज कसं काय?’ येतं आणि चहा बराच मागून.

एरंडवण्यात दुसऱ्या मजल्यावर राहणारे श्यामसुंदर खांबेटे जन्मभर याच रीतीने ‘या एकदा’ म्हणत आले होते. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात आणि निवृत्तीनंतरची सात वर्षं टेकडीवरच्या सकाळच्या कट्ट्यावर. त्यांच्या शब्दावर विसंबून कोणी जिना चढल्याचं त्यांच्या बायकोला, सुहासिनीला, आठवत नव्हतं. पण गेल्या वर्षी त्यांनी कोकणात, वारवणे नावाच्या गावात, समुद्रापासून दोनशे पावलांवर दोन खोल्यांचं घर घेतलं. तिथे कायमचं राहायला जायचं ठरलं. आणि मग तेच दोन शब्द तोंडातून पडायचा अवकाश, माणसं खिशातून फोन काढून तारखा बघायला लागली.

सुहासिनी मनात पोळ्या मोजायला लागली ती तेव्हापासून.

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर लावलेलं होतं. चाळीस वर्षं त्यावर फक्त दुधाच्या खुणा असायच्या, त्याही सुहासिनीच्या हातच्या, पेन्सिलीने. यंदा जानेवारी लागताच श्यामसुंदरांनी निळं पेन आणून कॅलेंडरचा ताबा घेतला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टेकडीच्या कट्ट्यावरचे ‘जयसिंगराव + सौ.’; शिवरात्रीला टेलिफोनातले तिघे, सहकुटुंब. होळीला पुतण्या, ‘तेजस, बहुतेक ५’. एप्रिलात भाचेसून, तिच्या माहेरच्या मंडळींसह. निवृत्त लोक सोमवार ते गुरुवार मागायचे, कारण त्यांना गर्दी नको होती. नोकरीतले शुक्रवार ते रविवार मागायचे, कारण त्यांना दुसरी सुटी नव्हती. मे महिना वाचायचा तर चष्मा पुसावा लागे.

“बघ,” श्यामसुंदर म्हणायचे, “आणि म्हणे म्हातारपणी कोणी विचारत नाही.”

हे म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की सुहासिनीच्या जिभेवर आलेलं पुन्हा घशात जायचं. तिला त्यांचं सुख कळत होतं, हीच तर पंचाईत होती. या माणसाकडे आजवर कोणी त्याच्यासाठी म्हणून आलं नव्हतं. घरात राबता असायचा तो सासूबाईंना भेटायला येणाऱ्यांचा. मंडळी आत पलंगाशी जाऊन बसायची आणि श्यामसुंदर बाहेरच्या खोलीत पेपर धरून. आता सदुसष्टाव्या वर्षी लोक त्यांना फोन करून विचारत होते, ‘खांबेटे, कधी येऊ?’ नवऱ्याच्या हातातून हे काढून घ्यायचं तिच्या जिवावर येत होतं.

पण त्या राबत्याचं सगळं केलं कोणी होतं? सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं करायचं, शिवाय भेटायला येणाऱ्यांचा चहा, मग ‘आता जेवूनच जा’, मग रात्रीचे मुक्काम. सुहासिनीने कपाळाला कधी आठी पडू दिली नाही आणि त्याबद्दल तिचं नातेवाइकांत फार कौतुक झालं. एकदा असं कौतुक झालं की माणसाला कंटाळा करायचीही चोरी होते. सासूबाई गेल्या, तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा पोळ्यांना बाई लावली. त्या तुळजाबाई.

दुपार मोकळी झाली. गुडघ्यांसाठी पोहायला जा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बासष्टाव्या वर्षी सुहासिनी जवळच्या तलावावर महिलांच्या तीनच्या बॅचला गेली आणि साडेतीन फूट पाण्यात कठडा धरून उभी राहिली. महिनाभर तो कठडा सुटला नाही. आता मात्र ती तलावाच्या रुंदीभर पोहायची आणि दमली की पाठीवर पडून वरच्या पत्र्याकडे बघत तरंगायची. तिथे तिला कोणी हाक मारत नसे. त्या पाऊण तासाबद्दल तिने घरात फारसं सांगितलं नव्हतं. सांगितलं तर त्यातलाही वेळ कोणीतरी मागेल, अशी तिला धास्ती होती.

आणि येत्या गुरुवारी पुण्याच्या फ्लॅटचं साठेखत होतं. शौनक आणि तनया हे तरुण जोडपं फ्लॅट घेत होतं. दोघं हिंजवडीला नोकरीत, स्वभावाने गोड. ‘दोन दोन घरं कशाला सांभाळायची?’ हे श्यामसुंदरांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्यामुळे सुहासिनीलाही रजिस्टर ऑफिसात जायचं होतं. एकदा तिथे अंगठा उमटला की पुण्यात परत यायला घर उरणार नव्हतं. काय बोलायचं ते गुरुवारच्या आत बोलायला हवं होतं.

समुद्राशी तिचं वाकडं नव्हतं, उलट वारवण्याला तिनेच आधी मान डोलावली होती. डिसेंबरात घर लावायला दोघं आठ दिवस तिथे राहून आली, त्यातले पहिले दोन दिवस तर तिला स्वप्नातले वाटले. सकाळी ओल्या वाळूत कुत्र्यांच्या आणि तिच्या पावलांखेरीज काही उमटलेलं नव्हतं. श्यामसुंदर सुरूच्या बागेपाशी उभं राहून मोठ्याने श्वास घेत होते. तिसऱ्या दिवशी शुक्रवार लागला आणि दुपारपासून मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गावातला एकुलता रस्ता तुंबला. किनाऱ्यावर घोडागाड्या आल्या, भज्यांच्या गाड्या आल्या, वाळूत मोटारी फिरवणारे आले. हॉटेलांचे पंप सुरू झाले आणि खांबेट्यांच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. नाताळची सुटी असल्यामुळे ही गर्दी मग हललीच नाही, आणि तिच्यातून ‘सहज जाता जाता डोकावलो’ म्हणत अकरा ओळखीची माणसं आली आणि राहिली.

त्या आठ दिवसांत सुहासिनीने समुद्र पाहिला तो पहिल्या दोन दिवसांत. त्यानंतर तो तिला रोज ऐकू मात्र येत होता, पोळ्या लाटताना. पोहायचं तर नावच नको. किनाऱ्यावर मोठ्ठी पाटी होती, ‘येथे पोहणे धोकादायक आहे’. पोळ्यांना बाई मिळेल का, असं तिने शेजारणीला विचारलं तेव्हा ती हसली. “सीझनला बाई? मे संपेपर्यंत नाव काढू नका. सगळ्या होमस्टेवर जातात.”

सोमवारी सकाळी, श्यामसुंदर टेकडीवरून आल्यावर, सुहासिनीने धीर केला.

“अहो, मी काय म्हणते, एवढी माणसं येणार म्हणजे…”

“दोन गाद्या जास्तीच्या सांगितल्यात मी.”

“गाद्यांचं नाही. करायचं कोणी?”

“त्यात करायचंय काय? आपला साधा वरण-भात. लोक समुद्र बघायला येतात, जेवायला नाही.”

वरणाला फोडणी कोणीतरी घालतं, भाताखालचा गॅस कोणीतरी बंद करतं आणि खरकटी ताटं मोरीपर्यंत चालत जात नाहीत, या गोष्टी श्यामसुंदरांना अमान्य होत्या असं नाही. त्या कधी त्यांच्यासमोर घडल्या नव्हत्या एवढंच. सुहासिनी फ्रिजकडे वळली. तिथे त्यांनी एक कागद चिकटवला होता. टेलिफोन खात्याची शिस्त. मधोमध रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तोट्यांत दवाखाना दीड तासावर, खाऱ्या हवेने लोखंड गंजणं, माकडं आणि जाणारी वीज. फायद्यांत शुद्ध हवा, शांतता आणि सगळ्यांत शेवटी, खाली रेघ मारून, ‘माणसांची ये-जा राहील’.

ही ओळ खोडून पलीकडे लिहावी म्हणून तिने पेन उचललंही. तेवढ्यात श्यामसुंदर पाणी प्यायला आत आले. तिने तोट्यांखाली ‘डास’ असं लिहिलं.

“हां, हे राहिलंच होतं,” ते म्हणाले.

मंगळवारी तुळजाबाई पोळ्या लाटत होत्या. वारज्याहून येणाऱ्या या बाई कामापुरतं बोलत आणि बोलल्या तर मान वर करत नसत.

“तिथं पोळ्या कोन करनार, काकू?”

“मीच की.”

“रोज?”

“रोज. शनिवार-रविवारी थोड्या जास्त.”

तुळजाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली, फुगू दिली. “म्हंजे माझी जागा तुमीच घेताय. मला तर रविवारी सुट्टी हाय.”

सुहासिनी हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. संध्याकाळी शेजारी हळदीकुंकवाला गेली तर तिथे बायका म्हणाल्या, “नशीब काढलंत हो सुहासिनीताई, रोज समुद्र!” आणि तिळगूळ हातावर ठेवता ठेवता दोघींनी मेमधल्या तारखा विचारल्या. तिने दोघींना ‘बघते’ म्हटलं.

बुधवारी दुपारी तिच्या मुलाचा, आमोदचा, फोन आला. तोही हिंजवडीलाच, त्याची बायको सलोनीही तिथेच. त्यांचं सगळं बोलणं कॅबमधून चालायचं.

“आई, मार्चमध्ये आमचं टीम आउटिंग आहे. आठ जण. हॉटेलवाले काहीही रेट सांगतात, सो मी म्हटलं आपलं घरच आहे. बाबा ओके म्हणालेत.”

“अरे, आठ जण…”

“चिल गं. आणि तुला तर आवडतंच ना, घरात माणसं असली की? यू आर ॲट युवर बेस्ट तेव्हा.”

“असं कोणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे?” आमोद म्हणाला. “लहानपणापासून बघतोय की.”

मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने जे बघितलं होतं ते तिनेच दाखवलं होतं, वर्षानुवर्षं, हसऱ्या तोंडाने. आता चौसष्टाव्या वर्षी तिने ‘मला नाही हो झेपत’ म्हटलं, तर लोक म्हणणार, म्हातारी बदलली. तिला एकदम फार एकटं वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. तीन वाजता ती तलावावर गेली, पाण्यात उतरली आणि त्या पहिल्या महिन्यासारखा तिच्या हातून कठडा सुटेना. शिकवणारी शेफाली काठावरून विचारत राहिली, “काकू, बरं वाटत नाहीये का?” सुहासिनी नुसती मान हलवत राहिली.

गुरुवार उजाडला. श्यामसुंदरांनी इस्त्रीचा सदरा घातला, कागदांची पिशवी तीनदा तपासली. रिक्षात ते वारवण्याच्या पडवीला जाळी लावण्याविषयी बोलत होते आणि सुहासिनी बाहेर बघत होती. गुळाचं दुकान, वाचनालय, तलावाकडे वळणारा बोळ, सगळं रोजच्यासारखंच होतं. बोलायचं असेल तर आत्ता, असं तिने तीन सिग्नलला स्वतःला बजावलं. तिन्ही सिग्नल सुटले.

रजिस्टर ऑफिसात बाकावर शौनक आणि तनया आधीच येऊन बसले होते. नंबर लागायला वेळ होता. गप्पा हवेवरून ट्रॅफिकवर गेल्या, ट्रॅफिकवरून कोकणावर आल्या, आणि श्यामसुंदरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “या एकदा वारवण्याला.”

सुहासिनीने डोळे मिटून घेतले.

“नक्की, काका,” तनया म्हणाली. तिच्या हातात फोन आलाही. “गुड फ्रायडेचा लाँग वीकेंड फ्री आहे का? माझे आई-बाबा पण येतील, चालेल ना?”

“न चालायला काय झालं,” श्यामसुंदर म्हणाले आणि खिशातली छोटी डायरी काढायला लागले.

“आणि काकू, तुमच्या हातचे उकडीचे मोदक हां. घर बघायला आलो तेव्हा दिले होते ना, शौनक अजून आठवण काढतो.”

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, तिने प्रेमानेच म्हटलं होतं. आजवर सगळ्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. घर विकत घेणारी माणसं घराबरोबर तिलाही मागून घेत होती आणि तिचा नवरा डायरीचं पान शोधत होता.

नंबर पुकारला गेला. आत टेबलाशी श्यामसुंदरांचा फोटो झाला, अंगठा झाला. मग कारकुनाने यंत्र तिच्यापुढे सरकवलं. “मॅडम, डावा अंगठा.”

तिने हात वर घेतला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. यंत्राकडे तो जाईना.

कारकून चांगला होता. “उमटत नाही का? बायकांचा होतो असा प्रॉब्लेम. कामाने घासलेला असतो. जरा ओला करून बघा, नाहीतर दुसरं बोट घेऊ.”

“उमटेल,” सुहासिनी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. “मी ठेवत नाहीये.”

मागे रांगेत कुजबुज झाली. श्यामसुंदर आधी हसले, मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. “अगं, काय हे?”

“मला घर विकायचं नाही. तनया, मी तुमची माफी मागते. मी हे महिन्यापूर्वीच सांगायला हवं होतं.” एवढं बोलून ती बाहेर आली.

घरात शिरल्यावर श्यामसुंदरांनी पिशवी टेबलावर आपटली नाही, ठेवली; त्यांना फार राग आला की ते वस्तू हळू ठेवत.

“समुद्र आवडत नाही, हे आधी सांगायचं होतंस.”

“आवडतो. तुमच्याहून आधीपासून आवडतो.”

“मग?”

“मला यायचंय तिथे. पण जयसिंगराव येणार आहेत ना, तसं. सकाळी उठून फिरायला जायचं, परत आल्यावर कोणीतरी पुढ्यात चहा ठेवायचा, आणि चार दिवसांनी आपल्या घरी यायचं. ते घर हे असायला हवं. तुम्ही रिटायर होऊन सात वर्षं झाली. मला जेमतेम दोन झालीत. मला परत कामावर रुजू व्हायचं नाही. मला भीती वाटते हो त्याची. महिनाभर वाटतेय.”

“मला एकदा बोलली असतीस तर…”

“सोमवारी बोलले. तुम्ही गाद्या सांगितल्यात.”

श्यामसुंदरांचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांपुढे झालेली शोभा त्यांच्या मनातून गेली नव्हती. अशा वेळी पुणेरी माणूस करतो तेच त्यांनी केलं, तिरकं बोलले.

“ठीक आहे. पाहुणी तर पाहुणी. तारीख सांगा आपण, लिहून ठेवतो.”

“तुम्हाला सोयीची असेल ती.”

ते तडक स्वयंपाकघरात गेले. निळ्या पेनचं टोपण काढलं आणि कॅलेंडरसमोर उभे राहिले. रागात असले तरी माणूस पद्धतशीर. एकदा शोधायला लागल्यावर ते खरंच शोधायला लागले. बोट फेब्रुवारीवरून फिरलं. पान उलटलं. मार्चचा पहिला आठवडा, दुसरा, मग आमोदचे आठ जण. पान उलटलं. एप्रिलात एक बुधवार रिकामा दिसला, पण त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. मे त्यांनी दोनदा वाचला.

“जूनपर्यंत जागा नाही गं,” ते म्हणाले.

वाक्य चिडूनच सुरू झालं होतं. संपेपर्यंत ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. पेन हातात तसंच राहिलं. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा कॅलेंडरकडे, त्यांच्याच अक्षरात भरलेल्या त्या चौकोनांकडे. मग शेजारच्या कागदावर, रेघ मारलेल्या त्या शेवटच्या फायद्याकडे.

पावणेतीन झाले होते. सुहासिनीने दोरीवरचा टॉवेल घेतला, टोपी आणि चष्मा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. पुढे काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. कदाचित ते एकटेच जातील, कदाचित महिनाभर अबोला धरतील.

ती पहिल्या मजल्यापर्यंत उतरली, तेव्हा वरून त्यांचा फोनवरचा आवाज आला. दार उघडंच राहिलं होतं.

“जयसिंगराव, खांबेटे बोलतोय. ते फेब्रुवारीचं ‘या एकदा’ म्हटलं होतं ना मी तुम्हाला…” सुहासिनी कठड्याला हात लावून उभी राहिली. “हां. ते पुण्यातलं होतं.”